मागच्या डाव्या चाकातली हवा

त्या घरात सहलीचा एक कायदा होता. महिन्यातला एक रविवार घराबाहेर काढायचा, पण दिवस मावळायच्या आत आपल्या दारात परत यायचं. कुठे जायचं ते पाळीपाळीने एकेकाने ठरवायचं. ज्याची पाळी, त्याचा शब्द शेवटचा. मग बाकीच्यांनी नाक मुरडायचं नाही की फाटे फोडायचे नाहीत.

हा कायदा आजोबांनी केलेला. त्यांचं सगळं आयुष्य बस डेपोत गेलं होतं. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, गळ्यात शिट्टी, समोर घड्याळ. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लावायची, कुठली आधी सोडायची, हे सगळं त्यांच्या जिभेवर. निवृत्त झाल्यावर शिट्टी खुंटीला लागली, पण अंगातला कंट्रोलर काही उतरला नाही. आजी त्यांना ‘कंट्रोलरसाहेब’ म्हणायची. त्यात लाड किती आणि टोमणा किती, ते तिचं तिलाच ठाऊक.

घरच्या सहलीही ते डेपोच्या शिस्तीत काढत. मुलगा वायरमन होता. त्याच्या कामाच्या व्हॅनमधली वायरची भेंडोळी आदल्या दिवशी उतरवायची, मागची बाकं पुसायची आणि सकाळी ठरल्या ठोक्याला निघायचं. निघाल्यावर मात्र मधे कुठेही थांबायचं नाही. “आपली थेट गाडी,” आजोबा मिशीवरून हात फिरवत म्हणायचे. “गाडी थांबली की लेट झालीच म्हणून समजा.”

असे हे आजोबा गेले काही महिने सहलीला येतच नव्हते.

आधी गुडघा दुखत होता. मग कोणी पाहुणे यायची शक्यता होती, ते अर्थात आले नाहीत. त्यानंतर आजोबांनी कारणं शोधायचंच सोडून दिलं. “तुम्ही या जाऊन. मी घर राखतो,” म्हणायचे आणि वर्तमानपत्र उघडून बसायचे. आजीही मग पायातल्या चपला काढून ठेवायची. “यांना चहा कोण देणार?” आणि खिडकीपाशी उभी राहून व्हॅन कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहायची.

घरातल्यांनी त्याचा अर्थ आपल्यापुरता लावला होता. आजोबा रुसलेत. कधीपासून, तेही सगळ्यांना माहीत होतं. तळ्यावरच्या त्या सहलीपासून.

त्या दिवशी परत येताना रस्त्यावर डांबर टाकायचं काम चाललं होतं. गाड्यांची रांग मुंगीसारखी सरकत होती. व्हॅनमध्ये सगळे पेंगुळलेले, आणि आजोबा एकदम ओरडले, “गाडी बाजूला घे! मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे.”

मुलाने गाडी बाजूला घेतली. खाली उतरून चाकाला लाथ मारून पाहिली. चाक दगडासारखं घट्ट. दिवसभर गाडी चालवून तोही वैतागलेला होता. तो म्हणाला, “बाबा, हा आता डेपो नाही. प्रत्येक गाडी तुमच्या नजरेखालूनच गेली पाहिजे असं काही नाही.”

बोलून तो वळला तर आजोबा जागेवर नव्हते. तरातरा चालत ते रस्त्याच्या उताराखालच्या झुडपांत शिरले होते. बऱ्याच वेळाने परत आले ते चेहरा लालबुंद, स्वेटर कमरेला बांधलेला, आणि घर येईपर्यंत तोंडातून शब्द नाही. मुलगा रात्रभर स्वतःवर चरफडला. वडील माणसाला आपण चारचौघांत बोललो, ते पार मनाला लावून बसले. एकदोनदा त्याने माफी मागायचा प्रयत्नही केला. पण आजोबांनी “झालं गेलं सोड” म्हणून विषय बदलला, आणि त्याला वाटलं, राग चांगलाच मुरलाय.

खरी गोष्ट वेगळीच होती. आजोबांना रागबिग काही आला नव्हता. त्यांना लघवीला लागली होती.

वय झालं की होतं तसं. पूर्वी सकाळी निघाले की दुपारपर्यंत विचार करावा लागत नसे. आता लागली की लागली, ती थांबायचं नाव घेत नसे. त्या दिवशी ‘थांबव, मला जायचंय’ एवढं सांगायला जीभ रेटेना. आयुष्यभर थेट गाडी, थेट गाडी म्हणून मिरवलेला माणूस कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून चाकातल्या हवेचं निमित्त काढलं. आणि तरी थोडा उशीरच झाला. स्वेटर कमरेला बांधला होता तो त्यासाठी.

हे फक्त आजीला माहीत होतं, कारण घरी आल्यावर पँट आजोबांनी स्वतः धुतली. आजवर त्यांनी रुमालसुद्धा धुतला नव्हता. आजीला आणखी सांगायची गरज पडली नाही. ती म्हणाली, “डॉक्टरांना दाखवू या.” आजोबा म्हणाले, “दाखवू.” ती म्हणाली, “मुलांना सांगू या.” आजोबा म्हणाले, “खबरदार!” रुसलेला सासरा होणं त्यांना परवडत होतं. निदान त्यात मान होता.

फक्त खिडकीपाशी उभी असलेली आजी त्यांना बघवत नसे.

अशात भिंगरीची पाळी आली.

भिंगरी म्हणजे त्यांची नात. एका जागी बसायचं नाही म्हणून हे नाव पडलेलं. पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तीच भिंगरी तासन्‌तास मांडी ठोकून बसे. त्या दुपारी ती आजोबांच्या खोलीत आली ती तिच्या बाबांचा पट्टा, आईची निळी ओढणी आणि स्वयंपाकघरातल्या वाट्या घेऊनच.

“आजोबा, मला सहल आखायला शिकवा.”

आजोबांनी वर्तमानपत्राची घडी केली. शिकवा म्हटलं की त्यांना राहवायचं नाही. ते जमिनीवर उतरून बसले. गुडघ्याचं कारण विसरले.

“हं. आधी काय ठरवायचं?”

“कुठे जायचं ते.”

“चूक. आधी परत कधी यायचं ते ठरवायचं. परतीपासून मागे मागे यायचं. गाडी डेपोत परत लागली तर दुसऱ्या दिवशी सुटणार ना? बरं, मग काय?”

“मग कुठे जायचं.”

“मग कोण कोण येणार ते बघायचं. म्हातारी माणसं आहेत, लहान पोरं आहेत, कोणाला गाडी लागते, कोणाला ऊन सोसत नाही. माणसं बघून रस्ता निवडायचा. रस्ता बघून माणसं नाही निवडायची.”

भिंगरीने मान डोलावली आणि पट्टा जमिनीवर वळवून रस्ता केला. बक्कल म्हणजे घर. दुसऱ्या टोकाला मोठी वाटी म्हणजे तळं. ओढणीची नदी पट्ट्याखालून नेली. मधे एके ठिकाणी तिने उशी ठेवली. ती टेकडी. टेकडीवर दगडी कठडा होता आणि तिथून सगळं गाव पायाखाली पसरलेलं दिसे. पूर्वी एरवी थेट जाणारी गाडी फक्त त्या कठड्यापाशी थांबायची, तीही आजीच्या हट्टामुळे. एवढ्या छपरांच्या गर्दीतून आपलं घर शोधायचं हा आजीचा आवडता खेळ होता.

“आता थांबे,” आजोबा म्हणाले आणि शिवणाच्या डब्यातली बटणं घेऊन पट्ट्यावर ठेवू लागले. “पुलाजवळचा पेट्रोल पंप, इथे एक. मग रोपवाटिका, इथे दुसरा. मग तळ्यावरचं तिकिटाचं ऑफिस.”

भिंगरी बटणांकडे बघत राहिली. “पण तुमची तर थेट गाडी असते ना?”

“अगं, पाय मोकळे करायला नको का माणसांना?”

“आणि कठडा?”

आजोबांनी उशी हळूच बाजूला सरकवली. “कठड्यावर काय आहे? नुसता वारा. सोड तो.”

“पण आजीला आवडतो!”

“आवडत असेल. सोड.”

भिंगरीने हनुवटी गुडघ्यावर टेकवली. तिचं डोकं चालायला लागलं की तिची वटवट थांबायची, आणि ती थांबली की आजोबांना धास्ती वाटायची.

“पंपावर तर काहीच नाहीये,” ती म्हणाली. “साधी बिस्किटंपण मिळत नाहीत. नुसता एक संडास आहे.”

“असेल.”

“रोपवाटिकेतपण आहे. मागच्या बाजूला, निळ्या दाराचा.”

“बरं.”

“तळ्यावरपण आहे.” तिने उशीकडे पाहिलं. “कठड्यावर नाहीये.”

आजोबा शिवणाचा डबा आवरू लागले. एक बटण पलंगाखाली गेलं. ते शोधायला त्यांनी अख्खं डोकं पलंगाखाली घातलं आणि बाहेर काढायची घाई केली नाही.

“आजोबा,” भिंगरी हळू आवाजात म्हणाली, “तुम्हाला सारखी शू लागते का?”

पलंगाखाली बरीच धूळ होती. आजोबांनी ती नीट पाहून घेतली. मग डोकं बाहेर काढलं. खोटं बोलायला तोंड उघडलं. पण समोरचे डोळे अगदी साधे होते. ताप आहे का विचारावं तसं तिने विचारलं होतं.

“हो,” ते म्हणाले.

आणि काय आश्चर्य, छत कोसळलं नाही. भिंगरी हसलीसुद्धा नाही.

“मग सांगायचं ना!”

“तुला कळत नाही. मोठ्या माणसाला लाज वाटते.”

“मी लहान होते तेव्हा सीटवर केली होती. बाबा चिडले होते. तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात? म्हणाला होतात, यात लाजायचं काय, लागली की मोठ्याने सांगायचं, गाडी आपल्या बापाचीच आहे.”

आजोबांना ते आठवलं. त्यानंतर नातीसाठी म्हणून ते खुशाल रस्त्याकडेला गाडी थांबवायचे. तिच्यापुरता थेट गाडीचा नियम ढिला होता.

“तू लहान होतीस.”

“मग तुम्ही मोठे आहात. तुम्हाला तर जास्त मोठ्याने सांगता येईल.”

कंट्रोलरसाहेबांनी सापडलेलं बटण डब्यात टाकून झाकण लावलं.

“कोणाला सांगू नकोस,” ते शेवटी म्हणाले.

“नाही सांगणार. पण तुम्ही यायचं. माझी पाळी आहे.” ती उठली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “ज्याची पाळी, त्याचा शब्द शेवटचा. कायदा कोणी केलाय?”

रविवारी सकाळी आजोबा व्हॅनमध्ये चढले. मुलाने आरशातून वडिलांकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. सुनेने नवऱ्याला कोपराने ढोसलं. आजी पदराने खिडकीची काच पुसत राहिली. काच स्वच्छच होती.

आजोबांनी मात्र सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. डोळे रस्त्यावर, मन भलतीकडे. पूल किती लांब? समोरचा ट्रक इतका हळू का चाललाय? पुन्हा तसं झालं तर? आज स्वेटरही आणला नव्हता.

तेवढ्यात भिंगरीने तोंडात शिट्टी घातली. खुंटीवरची डेपोची शिट्टी! कान फाटतील अशी वाजवली आणि ओरडली, “पेट्रोल पंप! सगळ्यांनी उतरायचं! गाडीत बसून राहणाऱ्याला दंड!”

“अगं, आत्ता तर निघालोय,” तिचे बाबा म्हणाले. “टाकी भरलेली आहे.”

“उतरायचं. माझी पाळी आहे.”

सगळे उतरले. आजोबा जरा आळोखेपिळोखे देत, कुठे जायचंच नाही असं दाखवत, हळूच मागच्या बाजूला गेले. तिथे रांग होती. रांगेत पुढे आजी आणि तिच्याही पुढे सून.

सून बाहेर आली ती मोकळ्या चेहऱ्याने. “बरं झालं बाई थांबलो!” ती आजीला म्हणाली. मागे सासरे उभे आहेत हे तिला दिसलंच नव्हतं. “लग्न होऊन आल्यापासून या घरच्या सहलीला मी पाणी न पिता येते. तळं येईपर्यंत जीव नुसता मुठीत!”

“तू तुझंच सांगतेस,” आजी म्हणाली. “मी आदल्या संध्याकाळपासून चहा तोडते. थेट गाडी म्हणे! आतल्या प्रवाशांचं काय होतं ते कोणी विचारलंय?”

दोघी हसल्या आणि वळल्या. सुनेने जीभ चावली. “अगंबाई! बाबा!”

आजोबा तसेच उभे. इतकी वर्षं ज्या थेट गाडीचा तोरा मिरवला, तिच्यात प्रत्येक जण दात आवळून बसलेला होता, आणि कोणी हूं की चूं केलं नव्हतं.

“तू बोलली का नाहीस कधी?” त्यांनी सुनेला विचारलं.

“कोणाशी बोलणार, बाबा? तुम्ही घड्याळ हातात धरून पुढे बसलेले. सासऱ्यांना काय सांगायचं, गाडी थांबवा, मला...” ती लाजून थांबली.

“जीभच रेटत नाही,” आजोबा म्हणाले.

“हो ना!”

“मला विचार,” ते म्हणाले, आणि आजीनंतर निळ्या-पांढऱ्या फरशीच्या त्या खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोक्यात काहीतरी ठरलेलं होतं.

रोपवाटिकेत पुन्हा शिट्टी झाली, पुन्हा सगळे उतरले. कुंड्यांच्या रांगांमध्ये एक लाकडी बाक होतं. नुकतंच पाणी शिंपडलेल्या मातीचा वास येत होता. आजीने थर्मासमधला चहा ओतला आणि आजोबांपुढे कप धरताना जरा अडखळली. आजोबांनी कप घेतला आणि पूर्ण प्यायले. आणखी मागितला.

मग मुलाकडे न बघता म्हणाले, “त्या दिवशी चाकात हवा बरोबर होती.”

मुलगा दचकला. “बाबा, त्या दिवशी मी बोलायला नको होतं. इतके दिवस मला—”

“अरे, ऐक तर. मी रागावलो नव्हतो.”

“मग झुडपांत का गेलात?”

“झुडपांत माणूस कशाला जातो?” आजोबा म्हणाले. “मला लागली होती रे! चाकाचं निमित्त केलं. गाडी थांबेपर्यंत उशीरही झाला. तेव्हापासून घराबाहेर पडायचं म्हटलं की धडकी भरते. म्हणून घर राखत बसलो होतो.”

मुलगा त्यांच्याकडे बघतच राहिला. महिनोन्‌महिने छातीवर ठेवलेला दगड असा झुडपांत निघेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. आधी त्याचे खांदे सैल पडले. मग ओठ थरथरले. मग तो जो हसायला लागला तो थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसतोय.

“मी... मी चार मेकॅनिकना दाखवलं ते चाक! म्हटलं, बाबा उगाच बोलणार नाहीत. एकाने तर ते बदलायलाच लावलं!”

“कोणी सांगितलं होतं बदलायला?”

“तुम्हीच!”

आता आजोबाही हसले. सुनेच्या कपातला चहा सांडला. आजी तोंडाला पदर लावून एका कुंडीच्या आड गेली, आणि रोपं विकणारे काका लांबून विचारू लागले की काही मदत हवी का.

“अगं, त्या बाई नाहीत, काका आहेत,” भिंगरीने आईला सांगितलं, कारण आईने हसण्याच्या भरात “काही नको हो बाई” असं उत्तर दिलं होतं. त्यावर पुन्हा सगळे हसले.

“उद्या डॉक्टरकडे जायचं,” हसू ओसरल्यावर सून म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती आणि डॉक्टरांविषयी तिचा शब्द घरात चालायचा. “याला औषध असतं, बाबा. आमच्याकडे येणारे निम्मे आजोबा खुर्चीत बसायच्या आधी हेच विचारतात, की बाथरूम कुठाय.”

“निम्मे?” आजोबांनी विचारलं.

“जास्तच.”

आजोबांना एकाएकी फार बरं वाटलं. जगभरच्या म्हाताऱ्यांची एक लांबलचक रांग त्यांच्या डोळ्यांपुढे आली आणि त्या रांगेत आपणही आरामात उभे आहोत असं वाटलं.

व्हॅन रोपवाटिकेतून निघाली. थोडं पुढे गेल्यावर टेकडीचा फाटा आला. भिंगरीच्या आखणीत तो नव्हता. आजी फाट्याकडे बघत नव्हती. मुद्दाम दुसऱ्या बाजूला बघत होती.

“गाडी वर घे,” आजोबा म्हणाले.

“बाबा, वर सोय नाही,” मुलगा म्हणाला. आता त्यालाही सोयीची काळजी लागली होती.

“सोय बघून तर आलो आत्ता निळ्या दारातून. आणि लागलीच, तर मोठ्याने सांगेन.” त्यांनी नातीकडे पाहिलं. “चालेल ना, कंट्रोलरसाहेब? पाळी तुझी आहे.”

भिंगरीने विचार केल्यासारखं केलं आणि शिट्टी फुंकली.

कठड्यावर खरंच नुसता वारा होता. खाली गाव पसरलं होतं: छपरं, टाक्या, वाळत घातलेले कपडे, मधूनच एखादं झाड. आजी कठड्याला टेकून उभी राहिली. किती दिवसांनी आली होती! तिचं बोट हवेत फिरत फिरत पाण्याच्या मोठ्या टाकीपाशी गेलं, तिथून डावीकडे, तिथून खाली.

“ते बघा. सापडलं. हिरवी खिडकी दिसते का?”

आजोबांनी डोळे बारीक केले. दिसली. एवढीशी हिरवी खिडकी, दार बंद, आत कोणी नाही.

“बघितलंत ना?” आजी म्हणाली. “तुम्ही नाही तरी उभंच आहे घर.”

“आहे खरं,” आजोबा म्हणाले आणि तिच्या शेजारी कठड्याला टेकले. त्यांना कुठेच जायची घाई नव्हती.